विश्लेषण : ज्यांच्या नावावरून ‘शिगेला’ आला, ते कियोशी शिगा कोण होते?

केरळमधील कासारगोड येथे 2022 मध्ये शोरमा खाल्ल्यानंतर अनेक जण आजारी पडले, एका मुलीचा मृत्यू झाला. तपासणीत आढळला शिगेला जीवाणू. त्याला हे नाव मिळाले एका जपानी डॉक्टरवरून.

कियोशी शिगा यांचा जन्म 1871 मध्ये सेंदाई येथे झाला. मूळ आडनाव सातो. आईच्या माहेरी दत्तक गेल्याने ते शिगा झाले. टोकियोत वैद्यकीय शिक्षण घेऊन ते किताझातो शिबासाबुरो यांच्या संस्थेत रुजू झाले. 1897 मध्ये जपानमध्ये रक्ताच्या जुलाबांची साथ पसरली. 91 हजारांहून अधिक रुग्ण, त्यातील 20 टक्क्यांहून अधिक दगावले.

26 वर्षांच्या शिगा यांनी 36 रुग्णांचा अभ्यास करून एक जीवाणू वेगळा केला. पण साथीचे कारण तोच, हे कशावरून? रुग्णांच्या रक्तातील सीरममध्ये हा जीवाणू मिसळला, की त्याच्या गुठळ्या होत. म्हणजे शरीराने त्याच्याशी आधीच लढा दिला होता. शोधनिबंधावर किताझातो यांनी स्वतःचे नाव येऊ दिले नाही. प्रयोगशाळांच्या जगात हे आजही दुर्मीळच!

पुढे जर्मनीत पॉल एर्लिख यांच्याबरोबर संशोधन, मग सोलमधील विद्यापीठाचे अध्यक्षपद. पत्नी आणि दोन मुले त्यांच्या हयातीतच गेली. युद्धातील बॉम्बहल्ल्यात टोकियोतील घर नष्ट झाले. 1957 मध्ये त्यांचे निधन झाले.

जीवाणू विष कधी तयार करतो?

या जीवाणूचे विष ‘शिगा टॉक्सिन’ म्हणून ओळखले जाते. जीवाणू ते सतत तयार करत नाही. आसपास लोह कमी झाले की विषाचे जनुक जोमाने काम करते. आतड्याच्या पेशींत शिरण्याची जनुकेही 30 अंश सेल्सिअसला शांत असतात, 37 अंशांना, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानाला, सुरू होतात.

हेच विष ई. कोलायच्या ‘ओ157’ प्रकारातही असते. 1982 मध्ये अमेरिकेत हॅम्बर्गरमधून तो पसरला होता. त्यात विषाचे जनुक जीवाणूत दडलेल्या विषाणूच्या डीएनएमध्ये असते. काही अँटिबायोटिक्समुळे जीवाणूच्या डीएनएला इजा होते, विषाणू जागा होतो आणि विषनिर्मिती वाढते. मूत्रपिंडे निकामी होण्याची भीती असते. त्यामुळे ‘ओ157’च्या संसर्गात डॉक्टर सहसा अँटिबायोटिक टाळतात. शिगेलाच्या गंभीर आजारात मात्र तीच द्यावी लागतात. जुलाबात रक्त दिसल्यास आधी शौचाची तपासणी करायची, ती यासाठी.