आर्सचे धर्मगुरु

संत जॉन मरी वियानी यांचा जन्म १७८६ सालीं फ्रान्स देशांत झाला. राज्यक्रांतीचे ते दिवस. १७९९ सालीं त्यांनीं प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारलें तें एका घरांत. आंतील उजेड बाहेर दिसूं नये म्हणून खिडक्यांपुढें गवताच्या गाड्या उभ्या केल्या होत्या. अशी चोरून ऐकलेली मिस्सा मनुष्य विसरत नाहीं.

१८१८ सालीं ते आर्स येथें आले. वस्ती सुमारें २३०. गांव धर्म सोडून बसलेलें नव्हतें, प्रिय भाविकहो. बाप्तिस्मा, लग्न, मूठमाती हीं देवळांतच होत. परंतु रविवारीं शेतांत कामें चालत व दारूचे गुत्ते भरत. वियानींचीं प्रवचनें कडक असत, कधीं कधीं फारच कडक असें वाटतें. लोकांचें मन वळलें तें मात्र पहांटेच्या काळोखांत पवित्र साक्रामेंतापुढें गुडघे टेकलेल्या आपल्या पाद्रींना पाहून. पुढें एक शेतकरी तेथें तासन् तास बसूं लागला. त्याचे ओठ हलत नसत. प्रभूकडे पाहणें व प्रभूनें आपणांकडे पाहणें, एवढीच त्याची प्रार्थना.

म्हणून विधींची त्यांना पर्वा नव्हती असें कोणी समजूं नये. अंगावर ठिगळांचा झगा, जेवणास उकडलेले बटाटे. परंतु वेदीकरितां उंची वस्त्रें त्यांनीं लियों शहराहून आणविलीं.

कुमसारासाठीं दूरदूरचे लोक येऊं लागले. एकांतांत प्रार्थना करावी म्हणून ते अनेकदां गांव सोडून निघाले, आणि प्रत्येक वेळीं परतले. ४ ऑगस्ट १८५९ रोजीं ते प्रभुघरीं गेले. २९ जुलैपर्यंत ते कुमसार ऐकतच होते.