किडरमिन्स्टरचे पाळक रिचर्ड बॅक्स्टर

पावसाळा सरून पिकें घरांत आलीं, म्हणजे खेडोपाडींच्या मंडळ्यांत कामाचा नवा हंगाम सुरू होतो. कोठें सभा भरवावी, कोणत्या गांवीं तंबू ठोकावा, कोणतीं भजनें बसवावीं, याचा विचार पाळक व उपदेशक करूं लागतात. हें सर्व योग्यच आहे. परंतु आज आम्ही प्रिय वाचकांपुढें अशा एका पाळकाचें चरित्र ठेवीत आहों कीं, ज्यांनीं आपल्या सेवेचा नवा आरंभ मोठ्या सभेनें न करितां स्वतःच्या पश्चात्तापानें केला, आणि एकेका कुटुंबास समोर बसवून त्याच्या आत्म्याची विचारपूस केली.

रिचर्ड बॅक्स्टर यांचा जन्म १२ नोव्हेंबर १६१५ रोजीं इंग्लंडांतील श्रॉपशायर परगण्यांत राउटन या खेड्यांत झाला. त्यांचे वडील तरुणपणीं जुगाराच्या नादीं लागून कर्जांत बुडाले होते. परंतु पुढें पवित्र शास्त्र वाचतां वाचतां त्यांचें मन पालटलें. त्या भागांतील कित्येक धर्मोपदेशक अज्ञानी होते, व कांहीं तर दारूच्या आहारीं गेलेले होते. रविवारीं बॅक्स्टरांचे वडील घरांत शास्त्र वाचीत बसत, आणि बाहेर गांवकरी वाद्यांच्या तालावर नाचत. शास्त्र वाचणाऱ्याचीच गांवांत थट्टा होई. पाळक नसला म्हणजे मेंढरांची काय दशा होते, हें त्या मुलानें असें आपल्या दारांतूनच पाहिलें.

मुलगा पंधरा वर्षांचा झाला त्या सुमारास एक गरीब फेरीवाला त्यांच्या दारीं आला. त्याच्याजवळ रिचर्ड सिब्ज नामक उपदेशकांचें ख्रिस्ताच्या ममतेविषयींचें एक लहान पुस्तक होतें. वडिलांनीं तें विकत घेतलें, आणि तें वाचून मुलाला प्रभूच्या प्रीतीची खरी ओळख पटली. गांवोगांव पुस्तकें विकीत फिरणाऱ्या आमच्या बंधूंनीं ही गोष्ट विसरूं नये. त्या फेरीवाल्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं. पण त्याच्या पिशवींतल्या एका पुस्तकानें पुढें हजारोंचें कल्याण झालें.

बॅक्स्टर यांस विद्यापीठांत शिकण्याचा योग आला नाहीं. त्यांनीं जें ज्ञान मिळविलें तें बहुतेक स्वतःच्या वाचनानें. शरीर तर लहानपणापासून रोगट. आपण फार दिवस जगणार नाहीं असें त्यांस नेहमीं वाटे, आणि म्हणूनच मरणाच्या दारीं उभा असलेला मनुष्य जसा मरणाऱ्या मनुष्यांशीं बोलेल, तसा ते उपदेश करीत. १६३८ सालीं वुस्टर येथें त्यांस दीक्षा मिळाली. कांहीं काळ शाळेचें व साहाय्यक उपदेशकाचें काम केल्यावर १६४१ सालीं, पंचविसाव्या वर्षीं, ते किडरमिन्स्टर येथें आले.

किडरमिन्स्टर हा विणकरांचा गांव. मंडळीच्या हद्दींत सुमारें ८०० कुटुंबें होतीं. तेथील मुख्य पाळकाविषयीं लोकांनीं तक्रार केली होती, म्हणून केवळ उपदेश करण्याकरितां बॅक्स्टर यांस वर्षाला ६० पौंडांवर नेमण्यांत आलें. आरंभीं लोक त्यांच्याशीं फार कठोरपणें वागले. जमावही त्यांच्यावर उठला. इतक्यांत १६४२ सालीं राजा व पार्लमेंट यांमध्यें युद्ध पेटलें, आणि बॅक्स्टर यांस गांव सोडावा लागला. पुढें ते पार्लमेंटच्या सैन्यांत एका पलटणीचे उपदेशक झाले. १६४७ सालीं ते इतके आजारी पडले कीं, वांचण्याची आशा राहिली नाहीं. त्या बिछान्यावर त्यांनीं संतांच्या सार्वकालिक विश्रांतीविषयीं लिहावयास आरंभ केला; तो ग्रंथ १६५० सालीं प्रसिद्ध झाला.

परमेश्वरानें त्यांस वांचविलें, आणि ते त्याच वर्षीं किडरमिन्स्टरला परत आले. मुख्य पाळकाची जागा व त्याचें घर त्यांनीं घेतलें नाहीं. जुने पाळक तेथेंच राहिले, आणि बॅक्स्टर दुसऱ्याच्या घरांतील वरच्या कांहीं खोल्यांत राहूं लागले. ते रविवारीं उपदेश करीत. गुरुवारीं संध्याकाळीं लोक त्यांच्या घरीं जमत, ऐकलेल्या उपदेशाविषयीं शंका विचारीत, व एकत्र प्रार्थना करीत. गांवांत चांगला वैद्य नव्हता, म्हणून कित्येक वर्षें त्यांनींच रोग्यांस फुकट औषध दिलें. आणि पुढें एक धार्मिक वैद्य तेथें येऊन राहील अशी व्यवस्था केली. भक्तिस्थानांत गर्दी मावेना, म्हणून आंत पांच सज्जे बांधावे लागले.

वाचकहो, येथवर ऐकून कोणीही म्हणेल कीं, यापेक्षां अधिक काय पाहिजे? परंतु बॅक्स्टर यांचें मन त्यांस स्वस्थ बसूं देईना. जे लोक वर्षानुवर्षें समोर बसून ऐकतात त्यांस एकेकटें विचारलें, तर त्यांतील कित्येकांस ख्रिस्त कोण व तो कशासाठीं मेला हेंही नीट सांगतां येत नाहीं, असें त्यांस दिसून आलें. उपदेश डोक्यावरून वाहून जात होता. प्रत्येक कुटुंबाला वेगळें भेटून शिकविलें पाहिजे, हें त्यांस फार दिवसांपासून पटलें होतें. पण त्यांनीं तें टाळलें होतें. लोक हंसतील, ज्यांस गरज थोडी तेच येतील, आणि आपल्या दुबळ्या शरीराला हें ओझें पेलणार नाहीं, असें त्यांस वाटे. हा आपला मोठा दोष त्यांनीं पुढें सर्व जगापुढें कबूल केला.

येथें आम्हांसही आमचा दोष कबूल केला पाहिजे. रविवारचा उपदेश झाला म्हणजे आठवड्याचें काम झालें, असें आम्ही कित्येक वर्षें समजत होतों. एके दिवशीं मंडळींतील एका म्हाताऱ्या बाईस आम्हीं सहज विचारलें कीं, प्रभूच्या मरणानें तिला काय मिळालें. ती बारा वर्षें पुढें बसून आमचे उपदेश ऐकत आली होती. तिला उत्तर देतां आलें नाहीं. तिनें लाजून पदर तोंडाला लावला. परंतु त्या दिवशीं लाज वाटावयास पाहिजे होती ती आम्हांस.

त्या काळीं वुस्टर परगण्यांतील अनेक पाळक बॅक्स्टर यांच्या पुढाकारानें एका संघांत एकत्र आले होते. त्यांच्यांत मतभेद होते. तरी ज्या गोष्टींत एकमत आहे त्यांत मिळून काम करावें असें त्यांनीं ठरविलें होतें. मंडळींतील प्रत्येक कुटुंबास प्रश्नोत्तरावली शिकवावी असा निश्चय त्यांनीं केला. परंतु कामास हात घालण्यापूर्वीं, आपण हें कर्तव्य इतकीं वर्षें टाकलें याबद्दल देवापुढें नम्र व्हावें, म्हणून ४ डिसेंबर १६५५ हा दिवस उपास व प्रार्थना यांसाठीं नेमला. आधीं मेंढरांचे दोष नव्हे, तर मेंढपाळांचे दोष देवापुढें ठेवावयाचे, असा तो दिवस होता.

त्या दिवशीं बोलावयाचें काम बॅक्स्टर यांच्याकडे होतें. पण आजारामुळें त्यांस वुस्टरला जातां आलें नाहीं. तेव्हां जें बोलावयाचें तें त्यांनीं लिहून काढलें, व १६५६ सालीं तें ग्रंथरूपानें छापलें. पौलानें मिलेत येथें इफिसच्या वडिलांस जो बोध केला, जो प्रेषितांच्या कृत्यांच्या २० व्या अध्यायांत आहे, त्याच्या आधारावर हा ग्रंथ उभा आहे. त्याचा सारांश असा कीं, पाळकानें प्रथम स्वतःस संभाळावें व मग कळपास. जो दुसऱ्यांस तारणाची वाट दाखवितो पण स्वतः त्या वाटेनें चालत नाहीं, तो स्वतःचा नाश तर करितोच, पण कळपासही धोका देतो.

आतां त्यांच्या कामाची रीत पाहूं. सोमवार व मंगळवार हे दोन दिवस त्यांनीं या कामास वाहिले. ते व त्यांचे साहाय्यक मिळून आठवड्यांत पंधरा-सोळा कुटुंबांची भेट घेत. साहाय्यक हद्दींतल्या वस्त्यांत फिरत, आणि गांवांतील कुटुंबें बॅक्स्टर यांच्याकडे येत. कोणाची पाळी कधीं हें आधीं कळविलें जाई, आणि प्रश्नोत्तरावलीची प्रत अगोदरच घरोघर पोंचलेली असे. प्रत्येक कुटुंबास सुमारें एक तास. प्रथम पाठ केलेलें म्हणून दाखवावयाचें, मग त्याचा अर्थ विचारावयाचा, आणि शेवटीं तें सत्य जिवाला लावून घेण्याविषयीं प्रेमानें विनवावयाचें. या रीतीनें एका वर्षांत सर्व ८०० कुटुंबांपर्यंत पोंचतां येत असे.

या कामांत किती कोमलता पाहिजे, हेंही त्यांनीं इतर पाळकांस शिकविलें. कोणाला चारचौघांत लाजवूं नये. ज्याला बोलतां येत नाहीं त्याला बाजूला घेऊन एकटें विचारावें. अवघड प्रश्न टाकूं नयेत. मरणानंतर काय होतें, पापांची क्षमा कशी मिळते, अशा मुख्य गोष्टीच विचाराव्या. तरीही उत्तर येत नसेल, तर होय किंवा नाहीं इतक्यानें भागेल असा प्रश्न करावा. गरीब मनुष्य काम बुडवून येतो, म्हणून शक्य असेल तर त्याला कांहीं साहाय्य देऊन पाठवावें. जो पाळक मेंढराचा वेळ मागतो त्यानें त्याच्या भाकरीचीही आठवण ठेवावी, हें या सल्ल्याचें मर्म आम्हांस वाटतें.

आणि ज्याची त्यांस भीति वाटत होती तें घडलें नाहीं. फारच थोड्या कुटुंबांनीं येण्याचें नाकारलें. बहुतेक कुटुंबें परत जातांना कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी असे. दहा वर्षें उपदेश ऐकून जे जागे झाले नव्हते त्यांतले कांहीं, अर्ध्या तासाच्या समोरासमोरच्या बोलण्यानें जागे झाले. विणकर माग चालवितांना पुढें पुस्तक ठेवीत, किंवा एकमेकांशीं शास्त्राविषयीं बोलत. बॅक्स्टर प्रथम आले तेव्हां एखाद्या गल्लींत एखादेंच घर देवाची भक्ति करणारें सांपडे. ते गेले तेव्हां कांहीं गल्ल्यांत भक्ति न करणारें एकही घर राहिलें नव्हतें.

बॅक्स्टर निर्दोष होते असें आम्ही म्हणत नाहीं. वादविवादाची त्यांस फार आवड होती. त्यांच्या लेखणीनें कित्येक मित्र दुखावले, आणि तरुणपणच्या या तीक्ष्णपणाबद्दल म्हातारपणीं त्यांस खेद वाटला. त्यांनीं शंभराहून अधिक पुस्तकें लिहिलीं. त्यांतील, पाप्यांस देवाकडे वळण्याची हांक देणारें १६५८ सालचें पुस्तक अमेरिकेंतील मिशनरी जॉन एलियट यांनीं तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेंत उतरविलें, व तें १६६४ सालीं छापलें गेलें.

१६६० सालीं दुसरा चार्ल्स राजा गादीवर आला. बॅक्स्टर यांस हेरिफर्डचे बिशप होण्याविषयीं विचारण्यांत आलें. त्यांनीं तें नाकारलें. आपल्या विणकरांकडे परत जाऊं द्यावें, एवढेंच त्यांचें मागणें होतें. पगाराशिवाय काम करण्याचीही त्यांची तयारी होती. तें मागणें मान्य झालें नाहीं. १६६२ सालच्या कायद्यानें ठराविक उपासनापद्धति मान्य न करणारे पाळक बाहेर काढले गेले, आणि त्या काळांत सुमारें २००० पाळक आपल्या जागांस मुकले. बॅक्स्टर त्यांपैकींच होते. १६६९ सालीं उपदेश केल्याबद्दल ते तुरुंगांत गेले, तेव्हां त्यांची पत्नी मार्गारेट आनंदानें त्यांच्याबरोबर तेथें राहिली. १६८१ सालीं ती प्रभूकडे गेली. पुढें १६८५ सालीं, सत्तरीच्या घरांतील या आजारी पाळकास न्यायाधीश जेफ्रीज यांनीं भर न्यायसभेंत अपमान करून दंड ठोठावला, व सुमारें दीड वर्ष ते पुन्हा कैदेंत राहिले. ८ डिसेंबर १६९१ रोजीं लंडन येथें ते विश्रांति पावले.

किडरमिन्स्टर येथें त्यांनीं सर्व मिळून सोळा वर्षेंही काम केलें नाहीं. तरी १८७५ सालीं त्या गांवांत त्यांचा पुतळा उभारण्यांत आला. परंतु त्यांचें खरें स्मारक दगडाचें नव्हे. जेथें जेथें एखादा पाळक किंवा उपदेशक एका कुटुंबाजवळ बसून, एका म्हाताऱ्याला किंवा मुलाला तारणाची गोष्ट शांतपणें समजावून सांगतो, तेथें तें उभें आहे.

प्रिय बंधूंनो, नव्या हंगामाची यादी करतांना सभा व तंबू यांच्या आधीं आपल्या मंडळींतील घरांचीं नांवें लिहा. आपण ज्या घरीं वर्षभर गेलों नाहीं त्यांवर खूण करा. तें पाहून मन खिन्न झालें, तर तेथूनच आरंभ करा. कारण वुस्टरच्या त्या पाळकांनींही तेथूनच आरंभ केला. एका दिवशीं सर्व घरें होणार नाहींत. आठवड्याला दोन घरें झालीं तरी वर्षाकांठीं शंभर होतात, आणि आपल्या पुष्कळ मंडळ्यांत तितकींही घरें नाहींत. शरीर दुबळें आहे, विद्या थोडी आहे, लोक येणार नाहींत, हीं सर्व कारणें बॅक्स्टर यांच्यापाशींही होतीं. मेंढपाळांचा थोर मेंढपाळ आम्हांस पश्चात्तापाचें मन देवो, आणि जें घर आम्हीं आजवर टाळलें त्याच घरीं प्रथम नेवो.