बोरिस कार्लॉफ : राक्षसाला माणूसपण देणारा नट

ऑक्टोबर महिन्याची ३१ तारीख म्हणजे पाश्चात्त्य देशांतला हॅलोवीनचा सण. ख्रिस्ती संतांच्या स्मरणदिनाची ही आदली रात्र. त्या रात्री मुले भुताखेतांची सोंगे घेऊन घरोघर हिंडतात, मोठी माणसे जुने भयपट काढून बसतात आणि अंगावर काटा आणणारी गाणी लावतात. त्या सोंगांत एक चेहरा हटकून असतो. चौकोनी कपाळ, जड पापण्या, मानेत ठोकलेले खिळे. हा चेहरा सर्वांना ठाऊक असतो, पण त्यामागचा माणूस फारच थोड्यांना. त्या माणसाचे नाव बोरिस कार्लॉफ. गंमत अशी की तेही त्याचे खरे नाव नव्हे.

त्याचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट. २३ नोव्हेंबर १८८७ रोजी लंडनच्या कँबरवेल भागात त्याचा जन्म झाला. नऊ भावंडांतला हा शेंडेफळ. वडील एडवर्ड प्रॅट हे हिंदुस्थान सरकारच्या मीठ खात्यात नोकरीला होते. आई एलायझा हिचे माहेर मुंबई इलाख्यातल्या लष्करी छावण्यांत वाढलेले. आईवडील दोघांच्याही अंगात थोडे हिंदी रक्त होते. त्याच्या आजीची सख्खी बहीण म्हणजे अ‍ॅना लिओनोवेन्स. सयामच्या राजवाड्यातली शिक्षिका म्हणून ती पुढे जगप्रसिद्ध झाली आणि तिच्या आयुष्यावर नाटके-चित्रपट निघाले. या अ‍ॅनाचा जन्म १८३१ साली आपल्या अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. पण आपण वेल्समध्ये जन्मलो असे ती आयुष्यभर सांगत राहिली. गोऱ्यांच्या जगात मिश्र रक्ताच्या माणसाला मान नव्हता, म्हणून तिने आपली जन्मभूमीच लपवली. तिच्या या नातवाच्या नात्यातल्या मुलाचा सावळा वर्णही इंग्लंडात लोकांच्या नजरेत भरे. आपण वेगळे आहोत ही जाणीव त्याला लहानपणापासूनच असली पाहिजे.

आईवडिलांचे छत्र लवकर हरपले. थोरल्या भावंडांनी त्याला एनफिल्ड येथे वाढवले आणि चांगल्या शाळांत घातले. बोलताना तो अडखळे, काही अक्षरे बोबडी उच्चारी. भाऊ सरकारी नोकरीत शिरलेले. त्यांतले जॉन प्रॅट पुढे चीनमध्ये वकिलातीत मोठ्या हुद्द्याला पोचले आणि 'सर' झाले. धाकट्यानेही तीच वाट धरावी अशी घराची अपेक्षा होती. याला मात्र रंगभूमीचे वेड लागले होते. प्रतिष्ठित घराण्यातल्या मुलाने तोंडाला रंग फासावा ही कल्पनाच तेव्हा घरच्यांना रुचणारी नव्हती. १९०९ साली, एकविसाव्या वर्षी, त्याने कॅनडाची बोट पकडली.

तिथे त्याने शेतावर मजुरी केली, मिळेल ते अंगमेहनतीचे काम केले. १९११ च्या सुमारास कॅम्लूप्स गावातल्या एका फिरत्या नाटक कंपनीत त्याला प्रवेश मिळाला. याच काळात त्याने बोरिस कार्लॉफ हे नाव घेतले. कार्लॉफ हे आईच्या पूर्वजांचे नाव असे तो सांगे, पण घराण्याच्या वंशावळीत असे नाव सापडत नाही. घरच्या नावाला बट्टा लागू नये हाही त्यामागचा हेतू असावा. पुढची कित्येक वर्षे तो गावोगाव नाटके करीत हिंडला. मग हॉलिवुडात आला आणि मूकपटांत दरोडेखोर, अरब सरदार, क्वचित हिंदी माणूस अशा चिल्लर भूमिका करू लागला. सावळा रंग असा उपयोगी पडला! काम नसेल तेव्हा तो मालट्रक चालवून पोट भरी. चाळिशी उलटली तरी नाव कोणाला ठाऊक नव्हते.

आणि मग १९३१ साल उजाडले. युनिव्हर्सल कंपनी मेरी शेलीच्या १८१८ सालच्या 'फ्रँकेन्स्टाइन' कादंबरीवर चित्रपट काढीत होती. 'ड्रॅक्युला'मुळे गाजलेल्या बेला लुगोसीचे नाव आधी राक्षसाच्या भूमिकेसाठी होते, पण ते बारगळले. दिग्दर्शक जेम्स व्हेल यांची नजर कार्लॉफच्या हाडकुळ्या चेहऱ्यावर पडली. रंगभूषाकार जॅक पिअर्स रोज सुमारे चार तास त्याच्या तोंडावर कापूस आणि चिकट द्रावाचे थर चढवी. गाल खोल दिसावा म्हणून कार्लॉफ आपल्या दातांचे कृत्रिम पूल काढून ठेवी. डोळे फार जिवंत आणि समजूतदार दिसतात असे वाटल्यावर पापण्यांवर मेण चढवण्यात आले. पायांत मणभर बूट आणि अंगावर जाड कपडे घालून ऐन उन्हाळ्यात चित्रीकरण चाले. आपल्या निर्मात्याला खांद्यावर टाकून टेकडी चढण्याचे दृश्य पुन्हापुन्हा घेण्यात आले. तेव्हा पाठीला जी दुखापत झाली ती त्याला जन्मभर पुरली.

या भूमिकेत त्याला बोलायला एक शब्दही नव्हता. चित्रपटात आरंभीची आणि शेवटची श्रेयनामावली सोडली तर पार्श्वसंगीतही जवळजवळ नाही. जे काही सांगायचे ते डोळ्यांनी आणि हातांनी. छतातून प्रथमच उजेड येतो तेव्हा तो राक्षस हात वर करून तो उजेड पकडू पाहतो, ते दृश्य पाहावे. जन्मलेल्या बाळाची कुतूहलाची नजर त्यात आहे. पुढे तळ्याकाठी एक लहान मुलगी त्याच्याबरोबर पाण्यात फुले सोडण्याचा खेळ खेळते. फुले संपतात तेव्हा, तीही फुलासारखी तरंगेल अशा भाबड्या समजुतीने तो तिला पाण्यात टाकतो. सेन्सॉरने हे दृश्य कापले. त्यामुळे झाले उलटेच! त्याने मुलीचे काय केले असेल याबद्दल प्रेक्षकांनी अधिकच भयंकर तर्क केले. कापलेला भाग १९८० नंतरच्या दशकात पुन्हा जोडला गेला तेव्हा राक्षसाचे निरपराधपण पुन्हा दिसू लागले.

आरंभीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या भूमिकेपुढे केवळ प्रश्नचिन्ह होते. चित्रपटाच्या पहिल्या खेळाचे आमंत्रणही त्याला मिळाले नाही. पण लोकांनी त्याला शोधून काढले. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तो एका रात्रीत विख्यात झाला. १९३२ सालचा 'द ममी' आणि मागोमाग इतर भयपट आले. १९३५ साली 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये राक्षसाला वाचा फुटली. हे कार्लॉफला पसंत नव्हते. तरी त्यातला आंधळ्या साधूचा प्रसंग अविस्मरणीय आहे. व्हायोलिनचे सूर ऐकून राक्षस झोपडीशी येतो, आणि डोळे नसलेला तो म्हातारा त्याला मित्र म्हणून घरात घेतो. ज्याला चेहरा दिसत नाही तोच एकटा त्याला माणूस म्हणून वागवतो. फ्रान्झ वॅक्समन यांचे या चित्रपटाचे संगीत आजही भयपटांच्या रसिकांत आवर्जून ऐकले जाते.

पडद्याबाहेरचा कार्लॉफ कसा होता? मृदू, सुसंस्कृत, पुस्तकांत आणि बागेत रमणारा. क्रिकेटचा तर पक्का षौकीन. हॉलिवुडमधल्या इंग्रज नटांच्या क्रिकेट क्लबात तो खेळे. पण या मृदू माणसाला कणाही होता. रंगभूषेत दिवस दिवस राबवून घेणाऱ्या कंपन्यांचा अनुभव त्याने घेतला होता. १९३३ साली चित्रपट कलावंतांची संघटना उभी राहिली तेव्हा नोकरी जाण्याची भीती असतानाही तो पहिल्या सभासदांत सामील झाला. त्याचा सभासद क्रमांक ९ होता. त्याच वर्षी तो चित्रपटासाठी इंग्लंडला गेला आणि चोवीस वर्षांनी भावांना भेटला. घराला नकोसा झालेला नट आता भावांपेक्षा विख्यात झाला होता.

१९४१ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलेल्या 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' या नाटकात त्याने स्वतःच्याच प्रतिमेची थट्टा केली. १९५० साली 'पीटर पॅन'मध्ये तो चाच्यांचा कप्तान हुक झाला आणि लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी रचलेली गाणी गायला! १९६२ साली बॉबी पिकेट या गायकाने कार्लॉफच्या आवाजाची नक्कल करून 'मॉन्स्टर मॅश' हे गाणे म्हटले. हॅलोवीनच्या तोंडावर ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले. १९६५ च्या हॅलोवीनला कार्लॉफने स्वतः दूरचित्रवाणीवर ते सादर केले. आपल्या नकलेची नक्कल करण्याइतके मोठे मन त्याच्यापाशी होते. १९६६ साली 'ग्रिंच'च्या व्यंगपटाला त्याने आवाज दिला. त्यातले प्रसिद्ध गाणे मात्र थर्ल रेव्हन्सक्रॉफ्ट यांचे. त्यांचे नाव श्रेयनामावलीत राहून गेल्याने तेही कार्लॉफचेच असा समज पसरला.

अखेरच्या वर्षांत पायांना आधार लावून, प्राणवायूची नळी जवळ ठेवून तो काम करी. १९६८ सालच्या 'टार्गेट्स'मध्ये त्याने एक थकलेला भयपट-नट रंगवला. ज्या जगात एक साधासुधा तरुण बंदूक घेऊन अनोळखी माणसे टिपतो, तिथे आपल्या रंगवलेल्या राक्षसांना कोण भिणार, असे त्या नटाला वाटते. ही भूमिका म्हणजे त्याच्या साऱ्या कारकीर्दीचे सारच होय. २ फेब्रुवारी १९६९ रोजी इंग्लंडमधील मिडहर्स्ट येथे त्याचे निधन झाले.

आपल्या एखाद्या चित्रपट मंडळाने जुने भयपट दाखवायचे ठरवले, तर 'फ्रँकेन्स्टाइन', 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' आणि 'टार्गेट्स' हे तीन याच क्रमाने दाखवावेत. पहिल्यात समाजाने टाकलेला जीव दिसतो, दुसऱ्यात मैत्रीसाठी आसुसलेला, आणि तिसऱ्यात कळते की खरा राक्षस शेजारच्या घरातून, स्वच्छ इस्त्रीचा सदरा घालून बाहेर पडतो. आयुष्यभर मुखवटा चढवून कार्लॉफने हेच दाखवले. भेसूर चेहऱ्याला भिऊन दगड उचलणाऱ्या जमावात आपण उभे आहोत काय, हे ज्याने त्याने तपासून पाहावे.