रजेविना गेलेला कर्णधार

आयुष्यातली तीसेक वर्षे बँकेत काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला रजेच्या अर्जाचे महत्त्व कुणी सांगायला नको. म्हणूनच भारतीय हॉकीचे पहिले ऑलिंपिक कर्णधार जयपालसिंग मुंडा यांच्या आयुष्यातली एक नामंजूर रजा मला फार मोठी वाटते.

रांचीजवळच्या खुंटी भागातले टकरा हे त्यांचे गाव. जन्म १९०३ चा, मुंडा आदिवासी कुटुंबातला. रांचीच्या सेंट पॉल शाळेतल्या कॅनन कॉसग्रेव्ह यांनी या मुलाची चमक हेरली आणि १९१८ साली त्याला इंग्लंडला नेले. पुढे ऑक्सफर्डला शिकताना जयपालसिंगांनी हॉकीत विद्यापीठाचा 'ब्लू' हा मान मिळवला. आयसीएससाठीही त्यांची निवड झाली. टकऱ्याचा मुलगा उद्या कलेक्टर होणार, हे जवळजवळ ठरलेच होते.

तेवढ्यात १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकसाठी कर्णधारपदाचे बोलावणे आले. रजा मिळाली नाही. तरी ते गेले! भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले, एकही घेतला नाही आणि सुवर्णपदक जिंकले. मतभेदांमुळे जयपालसिंग अंतिम सामन्यात मात्र खेळले नाहीत. परतल्यावर प्रशिक्षणाचे एक वर्ष वाढवण्याची शिक्षा झाली. ती न स्वीकारता त्यांनी आयसीएसच सोडली. पेन्शनीची गणिते मांडण्यात हयात गेलेल्या आम्हा मंडळींना हे धाडस पेलले असते काय?

पुढे १९३९ मध्ये ते आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले. घटना समितीत त्यांनी स्वतःला अभिमानाने जंगली म्हणवून घेत आपल्या लोकांची बाजू मांडली. १९७० साली ते गेले. त्यांनी मागितलेले झारखंड राज्य २००० मध्ये झाले.

त्यांच्या मुलखात आजही पोरे बांबूच्या काठ्या घासून स्टिक बनवतात. सिमडेगाकडच्या गावोगावच्या स्पर्धांत विजेत्या संघाला बक्षीस मिळते ते बोकड, आणि मग सारे गाव जेवते. याच मातीतून मायकेल किंडो १९७५ च्या विश्वविजेत्या संघात गेले. खुंटीच्या हेसल गावची निक्की प्रधान २०१६ मध्ये ऑलिंपिक खेळली.

गुणांची वानवा तिथे कधीच नव्हती. वानवा आहे ती हेरणाऱ्या नजरेची, बऱ्या मैदानाची आणि पायांतल्या बुटांची. जयपालसिंगांना त्यासाठी सातासमुद्रापार जावे लागले. आजच्या मुलांना ते वेशीपाशीच मिळायला हवे. आणि खेळ की नोकरी, असा सौदा तर कुणाच्याही वाट्याला येऊ नये.