जेम्स टॅनर

जेम्स टॅनर (जन्म : ४ एप्रिल १८४४, रिचमंडव्हिल, न्यूयॉर्क राज्य, मृत्यू : २ ऑक्टोबर १९२७, वॉशिंग्टन डी.सी.) हे अमेरिकन यादवी युद्धात दोन्ही पाय गमावलेले सैनिक, लघुलेखक, वकील आणि माजी सैनिकांच्या निवृत्तिवेतनासाठी झटलेले कार्यकर्ते होते. सैन्यातील हुद्द्यावरून ते आयुष्यभर कॉर्पोरल टॅनर याच नावाने ओळखले गेले. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या हत्येच्या रात्री प्रत्यक्षदर्शींच्या जबान्या त्यांनी टिपून घेतल्या. १८८९ मध्ये ते अमेरिकेचे निवृत्तिवेतन आयुक्त झाले. परंतु जखमी सैनिकांची वेतने सढळ हाताने वाढवल्यामुळे वाद निर्माण होऊन सहा महिन्यांतच त्यांना पद सोडावे लागले.

सुरुवातीचे जीवन आणि युद्ध

टॅनर यांचे बालपण स्कोहॅरी परगण्यातील शेतकरी कुटुंबात गेले. युद्ध सुरू झाले त्या वर्षी, म्हणजे १८६१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या ८७व्या स्वयंसेवक पायदळ पलटणीत भरती झाले. व्हर्जिनियातील पेनिन्सुला मोहिमेत त्यांनी भाग घेतला. ऑगस्ट १८६२ मध्ये बुल रनच्या दुसऱ्या लढाईत तोफगोळ्याच्या तुकड्याने त्यांचे दोन्ही पाय निकामी झाले व शल्यविशारदांना ते गुडघ्याखाली कापावे लागले. उत्तरेच्या सैन्याने माघार घेतल्यावर जखमी टॅनर शत्रूच्या हाती पडले. पुढे पॅरोलवर त्यांची सुटका झाली.

कृत्रिम पायांवर चालण्यास शिकल्यानंतर त्यांनी सिरॅक्यूस येथे लघुलेखनाचे शिक्षण घेतले. या कौशल्यावर १८६४ मध्ये त्यांना वॉशिंग्टन येथे युद्ध खात्याच्या शस्त्रसामग्री विभागात कारकुनाची नोकरी मिळाली.

लिंकन यांची हत्या

१४ एप्रिल १८६५ च्या रात्री फोर्ड नाट्यगृहात गोळी लागलेल्या लिंकन यांना समोरच्या पीटरसन यांच्या घरात नेण्यात आले. टॅनर शेजारच्याच घरात भाड्याने राहत होते. युद्धमंत्री एडविन स्टँटन यांनी त्याच घरात चौकशी सुरू केली व जबान्या उतरून घेण्यासाठी लघुलेखकाची गरज भासताच टॅनर यांना बोलावणे आले. हल्लेखोर हा नट जॉन विल्क्स बूथ होता, हे पहिल्या काही मिनिटांच्या साक्षींतूनच स्पष्ट झाल्याचे त्यांनी नंतर लिहून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंकन यांनी प्राण सोडला तेव्हा टॅनर तेथे उपस्थित होते. त्यांनी केलेली टिपणे फिलाडेल्फियातील युनियन लीग या संस्थेत जतन करण्यात आली आहेत.

ब्रुकलिनमधील कार्य

युद्धानंतर टॅनर न्यूयॉर्क राज्यात परतले. १८६६ मध्ये मेरो व्हाइट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. कायद्याचा अभ्यास करून १८६९ मध्ये त्यांनी वकिलीची सनद मिळवली. न्यूयॉर्कच्या जकात कार्यालयात काही काळ नोकरी केल्यावर १८७७ ते १८८५ या काळात ते ब्रुकलिनचे करवसुली अधिकारी होते. उत्तरेच्या माजी सैनिकांच्या ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक या संघटनेत ते सक्रिय होते. १८७६ मध्ये तिच्या न्यूयॉर्क शाखेचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. निराधार सैनिकांना भिक्षागृहात दिवस काढावे लागू नयेत, यासाठी त्यांनी प्रयत्न केले. बाथ या गावी उभारलेले सैनिकाश्रम हे त्या प्रयत्नांचे फलित होते.

निवृत्तिवेतनाचा प्रश्न

१८६२ च्या कायद्याने युद्धात अपंगत्व आलेल्या सैनिकांना निवृत्तिवेतनाचा हक्क दिला. पूर्ण अपंगत्व आलेल्या साध्या शिपायास महिना ८ डॉलर, तर लेफ्टनंट कर्नल व त्यावरील अधिकाऱ्यास ३० डॉलर मिळत. डॉक्टरांच्या मंडळाने अपंगत्व अंशतः ठरवल्यास ही रक्कम त्या प्रमाणात कमी होई. एक चतुर्थांश अपंगत्वासाठी शिपायाच्या हाती केवळ २ डॉलर पडत. गंभीर जखमांसाठी पुढे विशेष दर ठरले. १८६४ मध्ये दोन्ही पाय गमावलेल्यास २० डॉलर मंजूर झाले, तर १८७८ मध्ये दोन्ही हात, दोन्ही पाय वा दोन्ही डोळे गमावलेल्यांसाठी ७२ डॉलरचा दर लागू झाला.

जखम डोळ्यांना दिसत असे त्यांचा प्रश्न यामुळे बराचसा सुटला. छावणीतील आजार, सांधेदुखी किंवा शरीरात राहिलेली गोळी यांमुळे हळूहळू निकामी झालेल्यांना मात्र युद्धाशी असलेला संबंध सिद्ध करावा लागे. वीस-पंचवीस वर्षांनंतर साक्षीदार मिळत नसत आणि पलटणीचे डॉक्टर मरण पावलेले असत. अशा सैनिकांना दिलासा देणारे विधेयक राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी १८८७ मध्ये नकाराधिकार वापरून फेटाळले. त्यामुळे माजी सैनिक संतप्त झाले. १८८८ च्या निवडणुकीत टॅनर यांनी रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार व माजी सेनाधिकारी बेंजामिन हॅरिसन यांचा जोरदार प्रचार केला.

आयुक्तपद आणि राजीनामा

मार्च १८८९ मध्ये हॅरिसन यांनी टॅनर यांची निवृत्तिवेतन आयुक्तपदी नेमणूक केली. निवृत्तिवेतन ही कृपा नसून राष्ट्रावरील ऋण आहे, अशी त्यांची धारणा होती. संरक्षक जकातींमुळे त्या काळी सरकारी तिजोरीत मोठी शिल्लक साठत होती. तिच्यावर पहिला हक्क सैनिकांचा आहे, असे ते भाषणांतून उघडपणे सांगत. कोणाचेही वेतन महिना ४ डॉलरपेक्षा कमी असू नये, असे धोरण त्यांनी स्वीकारले. निकालात निघालेली अनेक जुनी प्रकरणे पुन्हा उघडून त्यांत वाढीव दर व थकबाकी मंजूर होऊ लागली.

यातूनच वाद उद्भवला. लाभ मिळालेल्यांत निवृत्तिवेतन कार्यालयातील काही कर्मचारीही असल्याचे चौकशीत आढळले. आयुक्त हे अंतर्गत व्यवहार मंत्री जॉन नोबल यांच्या अधीन असूनही टॅनर यांनी त्यांचा अधिकार मानला नाही. कायद्याने ठरवलेला दर आयुक्ताला स्वतःच्या न्यायबुद्धीने बदलता येत नाही, अशी नोबल यांची भूमिका होती. सप्टेंबर १८८९ मध्ये टॅनर यांनी राजीनामा दिला. त्यांच्या वैयक्तिक प्रामाणिकपणावर ठपका आला नाही. परंतु न्याय्य मागणी आणि बेकायदा औदार्य यांतील सीमारेषा त्यांनी पाळली नाही, ही टीका कायम राहिली.

त्यानंतर नऊच महिन्यांनी, २७ जून १८९० रोजी, नवा कायदा संमत झाला. किमान ९० दिवस सेवा केलेल्या व शारीरिक श्रमास असमर्थ ठरलेल्या सैनिकास, असमर्थतेचे कारण युद्ध नसले तरी, महिना ६ ते १२ डॉलर मिळू लागले. १८९३ पर्यंत निवृत्तिवेतनधारकांची संख्या साडेनऊ लाखांच्या वर गेली.

उत्तरायुष्य

टॅनर यांनी पुढे वॉशिंग्टनमध्ये वकील म्हणून सैनिकांचे दावे चालवले. १९०४ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यांना राजधानीच्या मृत्युपत्र निबंधक पदावर नेमले. मृत्यूपर्यंत ते या पदावर होते. १९०५ मध्ये ते ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिकचे राष्ट्रीय सरसेनापती म्हणून निवडले गेले. १९०६ मध्ये मोंटाना राज्यात मोटार अपघातात त्यांच्या पत्नीचे निधन झाले. १९०७ च्या कायद्याने वयाची ६२ वर्षे पूर्ण केलेल्या माजी सैनिकांना, अपंगत्व सिद्ध न करताही, निवृत्तिवेतन मिळू लागले.

टॅनर यांचे दफन आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत करण्यात आले. तेथील जुन्या खुल्या सभागृहास २०१४ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.