टूपाक शकूर

टूपाक अमारू शकूर (जन्म : १६ जून, १९७१, न्यू यॉर्क, मृत्यू : १३ सप्टेंबर, १९९६, लास व्हेगास) हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय रॅप गायक, कवी व अभिनेते होते. पोलिसी अत्याचार, वंशभेद, दारिद्र्य आणि तुरुंगवास हे त्यांच्या अनेक गीतांचे विषय आहेत. ध्वनिमुद्रणाच्या जेमतेम पाच वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी हिप-हॉपमधील सामाजिक निषेधाचा स्वर फार मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत पोहोचवला. त्याच काळात फौजदारी खटले आणि हिंसेला प्रतिष्ठा देणारी काही गीते यांमुळे ते वादग्रस्तही ठरले.

पार्श्वभूमी

हिप-हॉपचा उगम १९७० च्या दशकात न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. ठेक्यावर यमकबद्ध शब्द लयीत म्हणणे म्हणजे रॅप. आरंभी मनोरंजनप्रधान असलेल्या या प्रकाराला १९८२ मधील 'द मेसेज' या गीताने गरीब वस्त्यांतील वास्तवाकडे वळवले. पुढे 'पब्लिक एनिमी'सारख्या गटांनी त्याला उघड राजकीय रूप दिले. शकूर हे या धारेचे वारसदार होत.

जन्म व बालपण

शकूर यांच्या आई आफेनी शकूर या 'ब्लॅक पँथर पार्टी'च्या कार्यकर्त्या होत्या. याच संघटनेपासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत 'दलित पँथर'ची स्थापना झाली. कट रचल्याच्या आरोपावरून १९६९ मध्ये आफेनी यांच्यासह न्यू यॉर्कमधील २१ पँथर कार्यकर्त्यांवर खटला भरण्यात आला. आफेनी यांनी गरोदरपणात न्यायालयात स्वतःची बाजू स्वतःच मांडली. मे १९७१ मध्ये त्या निर्दोष सुटल्या आणि त्यानंतर सुमारे महिन्याभराने टूपाक यांचा जन्म झाला. मुलाला त्यांनी अठराव्या शतकात स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव करणारे पेरूचे मूलनिवासी नेते दुसरे टूपाक अमारू यांचे नाव दिले.

शकूर यांचे सावत्र वडील मुटुलू शकूर यांना १९८१ मधील एका सशस्त्र दरोड्याच्या प्रकरणात दीर्घ तुरुंगवासाची शिक्षा झाली. घरात सतत आर्थिक चणचण होती. बॉल्टिमोर येथे असताना टूपाक यांनी तेथील कलाशाळेत अभिनय, काव्य व नृत्याचे शिक्षण घेतले. १९८८ मध्ये ते कॅलिफोर्नियातील मॅरिन सिटी येथे गेले. याच सुमारास त्यांच्या आई अमली पदार्थांच्या आहारी गेल्या होत्या. चळवळ मोडून पडल्यानंतर तिच्या कार्यकर्त्यांच्या वाट्याला आलेली ही वाताहत टूपाक यांनी घरातच पाहिली. पुढे त्यांच्या गीतांत व्यवस्थेवरील संताप आणि घरातील दुःख एकमेकांत मिसळलेले दिसतात.

सांगीतिक कारकीर्द

'डिजिटल अंडरग्राउंड' या गटात सामान वाहणारे मदतनीस व नर्तक म्हणून त्यांनी सुरुवात केली. नोव्हेंबर १९९१ मध्ये 'टूपॅकलिप्स नाऊ' हा त्यांचा पहिला अल्बम प्रकाशित झाला. त्यातील 'ट्रॅप्ड' हे गीत पोलिसांकडून होणाऱ्या छळाविषयी आहे, तर 'ब्रेंडाज गॉट अ बेबी' हे बारा वर्षांच्या एका मातेची कहाणी सांगते. अल्बम येण्यापूर्वी काही आठवडे ओकलंड शहरात रस्ता चुकीच्या ठिकाणी ओलांडल्याच्या कारणावरून पोलिसांनी त्यांना अडवले. या वेळी मारहाण झाल्याचा आरोप करून शकूर यांनी पोलिसांविरुद्ध १ कोटी डॉलरचा दावा दाखल केला. तो पुढे तडजोडीने मिटला.

१९९२ मध्ये टेक्सासमध्ये एका पोलिसाचा खून झाला. आरोपीने आपल्यावर या अल्बमचा प्रभाव असल्याचे सांगितले. त्यानंतर तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांनी अल्बमवर जाहीर टीका केली. गाणे अन्यायाचे वर्णन करते की हिंसेला चिथावणी देते, हा वाद यानंतर शकूर यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला.

१९९३ मधील 'कीप या हेड अप' या गीतात त्यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या सन्मानाचा पुरस्कार केला. हे गीत लताशा हार्लिन्स या १५ वर्षांच्या मुलीला अर्पण केलेले आहे. १९९१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एका दुकानदार महिलेने तिला गोळी घालून ठार केले होते. दोषी ठरूनही त्या महिलेला तुरुंगवास झाला नाही. 'जूस' (१९९२) व 'पोएटिक जस्टिस' (१९९३) या चित्रपटांतील शकूर यांच्या भूमिकाही गाजल्या.

खटला व तुरुंगवास

नोव्हेंबर १९९३ मध्ये एका तरुणीने शकूर व त्यांच्या साथीदारांवर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला. शकूर यांनी तो नाकारला. डिसेंबर १९९४ मध्ये न्यायालयाने त्यांना लैंगिक गैरवर्तनाच्या गुन्ह्यात दोषी ठरवले व इतर आरोपांतून मुक्त केले. निकालाच्या आदल्या दिवशी मॅनहॅटनमधील एका स्टुडिओच्या प्रवेशकक्षात झालेल्या गोळीबारात ते जखमी झाले होते. ते तुरुंगात असतानाच मार्च १९९५ मध्ये आलेला 'मी अगेन्स्ट द वर्ल्ड' हा अल्बम अमेरिकेत विक्रीत अग्रस्थानी पोहोचला. आईच्या कष्टांविषयीचे 'डिअर मामा' हे गीत त्यातीलच आहे.

ऑक्टोबर १९९५ मध्ये 'डेथ रो रेकॉर्ड्स'च्या साहाय्याने जामीन मिळाल्यावर ते त्या कंपनीत दाखल झाले. १९९६ चा 'ऑल आयझ ऑन मी' हा दुहेरी अल्बम प्रचंड खपला. तथापि त्यात निषेधापेक्षा वैभव व वैराचा सूर ठळक होता. 'द नटोरियस बी.आय.जी.' या न्यू यॉर्कच्या रॅप गायकाशी त्यांचे वैर याच काळात विकोपाला गेले.

हत्या

७ सप्टेंबर, १९९६ रोजी लास व्हेगासमध्ये मुष्टियुद्धाचा सामना पाहून परतत असताना त्यांच्या मोटारीवर गोळीबार झाला. सहा दिवसांनी, वयाच्या २५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. या प्रकरणी २०२३ मध्ये एका आरोपीस अटक करण्यात आली.

वारसा

मृत्यूनंतर १९९८ मध्ये प्रकाशित झालेले 'चेंजेस' हे गीत वंशभेद, पोलिसी हिंसा व अमली पदार्थांनी उद्ध्वस्त केलेल्या वस्त्या यांवर भाष्य करते. 'डिअर मामा'चा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीत करण्यात आला. २०१७ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये शकूर यांना स्थान मिळाले.

टीकाकार त्यांच्या गीतांतील स्त्रियांविषयीची अवमानकारक भाषा आणि सूडाचे उदात्तीकरण यांवर बोट ठेवतात. स्त्रीसन्मानाचे गीत रचणाऱ्या गायकावर लैंगिक गुन्हा सिद्ध व्हावा, ही विसंगती त्यांच्या कोणत्याही मूल्यमापनात टाळता येत नाही. दुसरीकडे, ज्या वस्त्यांची दखल बहुधा गुन्ह्यांच्या बातम्यांपुरतीच घेतली जाई, तेथील माणसांचे जगणे त्यांनी त्यांच्याच भाषेत मांडले. अमेरिकेतील हिप-हॉपच्या राजकीय परंपरेचा अभ्यास करताना त्यांच्या गीतांचा विचार या दोन्ही बाजूंसह केला जातो.