थीब्जचा कवी पिंडार

कॅडमस, इडिपस आणि अँटिगनी यांच्या कथांची नगरी म्हणजे प्राचीन ग्रीसमधील थीब्ज. या कथांवरील विख्यात शोकांतिका मात्र अथेन्सच्या कवींनी रचल्या. थीब्जचा स्वतःचा महाकवी पिंडार. त्याचा जन्म इ. स. पूर्व ५१८ च्या सुमारास झाला. क्रीडामहोत्सवांतील विजेत्यांवर त्याने रचलेली सुमारे ४५ गौरवगीते आज उपलब्ध आहेत. इराणी आक्रमणात थीब्ज आक्रमकांना मिळाले. पिंडारने मात्र प्रतिकार करणाऱ्या अथेन्सचा गौरव केला. त्यासाठी थीब्जने त्याला दंड ठोठावला, अशी आख्यायिका आहे. त्याच्या निधनानंतर सुमारे शतकाने, इ. स. पूर्व ३३५ मध्ये, सिकंदराने बंडखोर थीब्ज जमीनदोस्त केले आणि हजारो नागरिकांना गुलाम म्हणून विकले. पिंडारचे घर आणि त्याचे वंशज यांना मात्र त्याने अभय दिले, असे प्राचीन इतिहासकार सांगतात.